बॉस, भाचा आणि आमचा हॉल

बॉसशी लढताना मला आजवर सगळ्यात जास्त वेळा कोणी मारलं असेल, तर आमच्या दारावरच्या बेलने. त्याखालोखाल नंबर 'अगं, जरा इकडे ये' या वाक्याचा. मार्गिट, रादान, मलेनिया ही जगभर दहशत असलेली मंडळी त्यानंतर.

नावं परकी वाटत असतील तर थोडं सांगते. व्हिडिओ गेममध्ये टप्प्याच्या शेवटी वाट अडवून जो मोठा शत्रू उभा असतो, तो बॉस. प्रथा जुनी आहे. १९७५ साली अमेरिकेत प्लेटो नावाच्या संगणक यंत्रणेवर 'डीएनडी' नावाचा खेळ होता, त्यात मौल्यवान गोळ्याच्या राखणीला एक सोनेरी ड्रॅगन बसवला होता. बॉस घराण्याचा मूळपुरुष म्हणून बहुतेक जण त्याच्याकडेच बोट दाखवतात. माझी या घराण्याशी ओळख झाली ती मारिओतल्या बाउजरमुळे. शेजारच्यांकडे व्हिडिओ गेम होता आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सहा-सात पोरं एका कंट्रोलरवर तुटून पडायचो. बाउजर आग ओकायचा, पण त्याला मारायची गरजच नव्हती. त्याच्या अंगावरून उडी मारून पलीकडच्या कुऱ्हाडीला हात लावला, की पूल गडप आणि बाउजर थेट लाव्हात. इतका सज्जन बॉस मला पुन्हा भेटला नाही.

आता दिवसा मी विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासते आणि रात्री साडेनऊला सासूबाईंची शेवटची मालिका संपली, की हॉलमधल्या एकुलत्या एक टीव्हीवर बॉस मारते. नवरा लवकर झोपतो. सासूबाई झोपत नाहीत. त्यांना झोप येईपर्यंत जे लागलेलं असेल ते त्या बघतात, आणि लागलेलं असतं ते 'एल्डन रिंग'. हा खेळ आला २०२२ च्या फेब्रुवारीत. बनवला जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरने, आणि बनवताना त्यात सगळं घातलं. किल्ले घातले, ड्रॅगन घातले, सोन्याचं आभाळभर झाड घातलं. पॉज घातला नाही.

"अगं, कुकर झाला. ते थांबव आणि गॅस बंद कर."

"आई, हे थांबत नाही."

"माझी मालिका थांबते की. बटण असतं मध्ये."

"याला नाहीये बटण."

"मग एवढे पैसे कशाचे घेतले त्यांनी?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. बरं, पॉज अगदीच नाही असंही नाही. खेळ आल्यावर थोड्याच दिवसांत लोकांनी शोधून काढलं, की मेनू उघडायचा, त्यात मदतीचं बटण दाबायचं आणि 'मेनू एक्स्प्लनेशन' निवडायचं. मग मेनू म्हणजे काय हे समजावणारी पाटी येते आणि मागे सगळं जग जागच्या जागी थांबतं. बेल वाजल्यापासून तलवार पोटात शिरेपर्यंत जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात ही सगळी बटणं बिनचूक दाबू शकणाऱ्या माणसाने खरं तर कुठल्याच बॉसला घाबरायचं कारण नाही. याच कंपनीच्या २०१९ च्या 'सेकिरो'मध्ये चांगला सरळ पॉज आहे. म्हणजे त्यांना येतं.

'एल्डन रिंग'मध्ये वाट अडवणारा पहिला मोठा गडी म्हणजे मार्गिट. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या पुलावर उभा असतो. त्याची खासियत अशी, की तो काठी वर उचलतो आणि मारतच नाही. थांबतो. आमच्या शाळेत पीटीचे सर 'हात पुढे' म्हणून छडी वर धरून असेच थांबायचे, आणि ज्याने हात आधी मागे घेतला त्याला दोन जास्त बसायच्या. मार्गिटचं शिक्षण त्याच शाळेत झालेलं दिसतं. आपण घाबरून आधीच लोळण घेतो, आणि आपण उठून उभे राहतो त्या नेमक्या क्षणी काठी खाली येते. लोळताना वार लागत नाही हे खरं, पण ती सवलत अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळाची असते. एवढ्या वेळात आमच्या ऑफिसात कोणी मानही वर करत नाही.

दुसरा छळ औषधाचा. जीव कमी झाला, की बाटलीतलं लाल औषध प्यायचं. पण आपण बाटली तोंडाला लावली रे लावली, की बॉस धावत येतो. खेळाडूंचा जुना आरोप आहे, की समोरचा आपलं पात्र काय करतंय ते बघत नाही, आपण बटण कुठलं दाबलं ते बघतो. मला यात काही गैर वाटत नाही. युद्धात दुसऱ्याने औषध पिताना आपण हात बांधून का उभं राहावं? राग येतो तो माझ्यावर ही तत्परता दाखवणाऱ्या बॉसला स्वतःला औषधाची गरजच पडत नाही याचा.

आणि हा राग ज्या बाईवर सगळ्यात जास्त निघतो ती मलेनिया. लाल केसांची, एका हाताला लांब तलवार जोडलेली. तिचा प्रत्येक वार आपल्याला लागला, की तिची तब्येत सुधारते. ढालीवर झेलला तरी सुधारते.

सासूबाईंना हे समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अशी माणसं असतात."

पुढे त्या तिला नावानेच ओळखायला लागल्या. लढाईत ती आपण कोण, कुणाच्या बाजूने लढतो आणि आपण कधी हरलो नाही हे ऐकवत असते. आठवड्याभरात सासूबाईंना ते पाठ झालं. इंग्रजी त्यांना फारसं येत नाही, पण देवघरात फुलं वाहताना त्यांच्या तोंडून 'आय अ‍ॅम मलेनिया' निघालं तेव्हा नवऱ्याने पहिल्यांदा या प्रकरणात लक्ष घातलं. मोठ्या कष्टाने मी तिचा हेल्थ बार रिकामा केला, तर ती पंख पसरून दुसऱ्यांदा उभी राहिली. तेव्हा सोफ्यावरून आवाज आला, "मेली नव्हती का ही?" मी म्हटलं, मेली होती. सासूबाई म्हणाल्या, "मग आता दिवे घालव आणि झोप. ही काही आज मरायची नाही."

तिचा एक वार आहे, त्याला वॉटरफाउल डान्स म्हणतात. ती हवेत उंच जाते, एक पाय दुमडून क्षणभर तरंगते, आणि मग तलवारीचा असा काही पाऊस पाडते की टीव्हीवर नुसत्या पांढऱ्या रेषा दिसतात. पहिली झोड आली की लांब पळायचं, दुसरीला उलट तिच्याच दिशेने घुसून खालून पलीकडे जायचं, तिसरीला पुन्हा लोळायचं. कागदावर हे बसफेऱ्यांच्या वेळापत्रकाइतकं सरळ आहे. माझी बोटं मात्र दुसऱ्या झोडीला पळायची आणि पहिलीला घुसायची. पण एका शनिवारी काय झालं कोण जाणे. ती वर गेली, मी पळाले, वळले, खालून गेले, लोळले, आणि ती जमिनीवर उतरली तेव्हा मी तिच्या पाठीमागे धडधाकट उभी होते. मी काहीच ठरवलं नव्हतं, सगळं बोटांनीच परस्पर उरकलं होतं. क्लेमच्या कागदांत असं कधी होत नाही. या तीन-चार सेकंदांसाठी बाकीचा सगळा मार मी हसत खाईन. अर्थात त्याच आनंदात मी पुढे वार करायची विसरले आणि तिने मला साध्या थपडेने मारलं.

ज्यांना हे रोज जमतं अशी माणसं आहेत. 'लेट मी सोलो हर' नावाने खेळणारा एक गृहस्थ तर दुसऱ्यांच्या लढाईत बोलावल्यावर हजर व्हायचा आणि यजमानाला बाजूला उभं करून एकटाच मलेनियाला संपवायचा. डोक्यावर मडकं, कमरेला लंगोटी, दोन हातांत दोन तलवारी, बाकी अंगावर काही नाही. २०२२ मध्ये तो इतका प्रसिद्ध झाला, की प्रकाशक कंपनीने त्याला खरी तलवार भेट पाठवली. मी त्याचा व्हिडिओ लावला होता. सासूबाईंनी बघितला आणि विचारलं, "याच्या घरी कोणी हाक मारत नाही वाटतं?"

मध्यंतरी चव पालटावी म्हणून मी 'ब्लॅक मिथ: वुकाँग' लावला. २०२४ च्या ऑगस्टमधला हा चिनी खेळ, नायक वानर, हातात सोटा. सासूबाईंनी वानर बघून हात जोडले. पाच मिनिटांनी एका प्रचंड डोक्याच्या भुताने त्या वानराला एका धडकेत जमीनदोस्त केलं. हे भूत खेळाच्या सुरुवातीलाच भेटतं आणि त्याने भल्याभल्यांना रडवलंय. सासूबाई म्हणाल्या, "शनिवारी तरी हा खेळ नको गं." मग शनिवार मलेनियाकडे परत गेला.

शेवटी मी मलेनियाला मारलं. मदतीला मिमिक टिअर घेतलं होतं, म्हणजे आपलीच हुबेहूब नक्कल असलेलं भूत, जे आपल्या बाजूने लढतं. मलेनिया एकीकडे त्याला बडवत होती आणि मी मागून कार्यभाग साधत होते. रात्रीचे पावणेबारा. ओरडावंसं वाटत होतं, पण घर झोपलेलं. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला फोटो पाठवला.

त्याचं उत्तर लगेच आलं. "मिमिक घेतलंस ना, मावशी? मग हे नाही धरत."

इथे मला या सगळ्या प्रकारातला खरा बॉस दिसला. या मुलाच्या लेखी भूत बोलावलं तर धरत नाही. जादू वापरली तर धरत नाही. मोठी ढाल घेतली तर धरत नाही. यूट्यूबवर उपाय बघितला तर अजिबातच धरत नाही. मी म्हटलं, अरे, ते भूत खेळ बनवणाऱ्यांनीच दिलंय ना? दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनीच मुलाखतीत सांगितलंय, की ते स्वतः खेळायला अगदी कच्चे आहेत आणि मिळेल ती मदत घेऊन खेळतात.

"त्यांचंही नाही धरत," भाचा म्हणाला.

मग २०२४ च्या जूनमध्ये आलेल्या 'शॅडो ऑफ द एर्डट्री' या 'एल्डन रिंग'च्याच पुरवणीत मी शेवटच्या रादानपर्यंत पोचले, आणि या खेपेला भूत न बोलावता. हा रादान म्हणजे अन्यायच होता. दुसऱ्या टप्प्यात इतका प्रकाश फेकायचा, की तो स्वतः कुठे आहे तेच दिसायचं नाही. लोकांनी आरडाओरडा केला आणि सप्टेंबरच्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीत, कंपनीने त्याचे काही वार सौम्य केले, चकचकाटही कमी केला. माझा विजय पॅचनंतरचा. भाच्याने फक्त तारीख विचारली. मी सांगितली. तो म्हणाला, "नर्फ झाल्यावर होय?" म्हणजे बॉसला कमजोर केल्यावर, आणि पुढे एक अंगठा पाठवला. तो अंगठा मला रादानच्या दोन्ही तलवारींपेक्षा जास्त लागला.

गेल्या दिवाळीत भाचा चार दिवस आमच्याकडे राहायला आला. मी तेव्हा 'सिल्कसाँग' खेळत होते. हा खेळ २०१९ मध्ये जाहीर झाला आणि ४ सप्टेंबर २०२५ ला आला. मधली सगळी वर्षं लोकांनी वाट बघण्यात काढली, आणि आल्या दिवशी विकत घ्यायला एवढी झुंबड उडाली, की ऑनलाइन दुकानंच बंद पडली. ऑस्ट्रेलियातल्या अगदी मोजक्या माणसांनी बनवलेला, हाताने काढलेल्या चित्रांचा, किड्यांच्या राज्यातला देखणा खेळ. आणि अत्यंत खडूस. यात चलन म्हणून जपमाळेचे मणी आहेत आणि काही ठिकाणी बाकड्यावर बसायलाही ते मोजावे लागतात. एका ठिकाणी तर बाकडंच सापळा निघतं. बॉसकडे हरलात, की त्या बाकड्यापासून पुन्हा उड्या मारत चालत या. मला बॉसच्या माराचं काही वाटत नाही, पण ही पायपीट मात्र मला मनापासून मान्य नाही. लढाई हरल्याची शिक्षा लढाईच असावी, प्रवास नव्हे.

लास्ट जज नावाच्या बॉसपाशी मी अडकले होते. वाळूच्या वादळातून कडे चढून तिच्यापर्यंत जायचं, आणि ती साखळीला बांधलेलं पेटतं धूपपात्र गरगर फिरवत स्वागत करणार. भाच्याने कंट्रोलर मागितला. "दे, मावशी, मी दाखवतो." मी दिला. तो चकलीचा हात चड्डीला पुसून बसला. सासूबाई शेजारी बसल्या. नवराही आला.

पोरगं खेळतं सुरेख, हे कबूल केलं पाहिजे. ना भूत, ना ढाल, ना यूट्यूब. दोनदा हरला, दोनदा ती पायपीट तक्रार न करता केली. तिसऱ्या वेळी त्याचा जीव, जो या खेळात मास्कमध्ये मोजतात, जेमतेम एका मास्कवर आला होता, आणि त्याच अवस्थेत त्याने शेवटचा वार घातला. लास्ट जज डगमगली. भाच्याने कंट्रोलर मांडीवर टाकला, दोन्ही हात वर केले आणि आमच्याकडे तोंड करून म्हणाला, "असं मारायचं असतं!"

या बाईबद्दल मला एक गोष्ट माहीत होती, जी त्याला माहीत नव्हती, आणि यूट्यूब बघितलं असतं तर त्यालाही कळली असती. ती मेल्यावर फुटते.

स्फोट झाला. भाच्याने वळून बघितलं तोवर त्याचा उरलेला मास्क गेला होता आणि तो लांब बाकड्यावर जाऊन बसला होता. हॉलमध्ये कोणी बोलेना. मी तोंड उघडणार, एवढ्यात सासूबाईंनी चिवड्याची वाटी त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "हे नाही हं धरत, बाळा."