दारावरचा डोळा आणि समोरचा कट्टा

पुण्यात राहणाऱ्या माझ्या मुलाने गेल्या दिवाळीत व्हिडिओ डोअरबेल आणून दिली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. बेळगावच्या शहापुरातील आमचे घर जुने आणि माडीचे आहे. मी दिवसाचा बराच वेळ माडीवर असते आणि गुडघे धरल्यामुळे घंटा वाजल्यावर जिना उतरून दारापर्यंत पोहोचेतो आलेला माणूस गल्लीच्या टोकाला गेलेला असतो. कोण आले आहे ते फोनवर दिसावे आणि तिथूनच ‘थांबा, येते’ असे सांगता यावे, याला माझ्या वयाच्या बाईने चैन का म्हणावे? ती घंटा आजही आमच्या दारावर आहे आणि राहणार आहे. मात्र ती बसवताना जी एक गोष्ट मी विसरले, ती बहुतेक सगळेच विसरतात असे आता दिसते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बसवण्याचे काम वाटले तेवढे सरळ नव्हते. आपल्याकडची जुनी घंटा थेट २३० व्होल्टवर चालते. तारेवर चालणाऱ्या बहुतेक व्हिडिओ डोअरबेलना मात्र कमी दाबाची वीज लागते, त्यामुळे मध्ये वेगळा ट्रान्सफॉर्मर किंवा अडॅप्टर घालावा लागतो. आमच्या वायरमनने जुन्या तारांना हात न लावता बॅटरीवर चालणारी घंटाच बसवली, आणि ते शहाणपणाचे ठरले. दुसरी अडचण भिंतींची होती. दगडमातीच्या जाड भिंतींतून वाय-फाय बाहेरच्या चौकटीपर्यंत पोहोचेना, म्हणून राउटर माडीवरून सोप्यात आणावा लागला. वीज गेली की राउटर बंद आणि राउटर बंद की घंटा मुकी, हेही पहिल्याच आठवड्यात कळले. पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे बेळगावकरांना सांगायला नको. त्यामुळे दाराची पितळी कडी काढून टाकण्याचा मुलाचा बेत मी हाणून पाडला.

खरा प्रश्न चौथ्या की पाचव्या दिवशी उभा राहिला. आमची गल्ली अरुंद, समोरच्या घराचा कट्टा आमच्या उंबऱ्यापासून फार तर पंधरा फुटांवर. त्या कट्ट्यावर समोरच्या आक्का सकाळी भाजी निवडतात, दुपारी लेकीशी फोनवर बोलतात, संध्याकाळी तिथेच गल्लीतल्या चारजणी जमतात. त्यांनी मला हाक मारून शांतपणे विचारले, “बाई, तुमच्या दारावरचा तो डोळा दिवसभर माझ्याकडंच बघालाय न्हवं?” मी ‘छे हो’ म्हणाले आणि घरात येऊन फोन उघडला. भाजीची पाटी, आक्कांचा चष्मा, त्यांच्या उघड्या दारातून आतला देव्हारा, सगळे स्वच्छ दिसत होते. एका चित्रफितीत त्या लेकीला सुनेबद्दल जे सांगत होत्या तेही शब्दन्‌शब्द ऐकू आले. ती चित्रफीत मी लगेच पुसली. पण ती तोपर्यंत पुण्यातल्या मुलाच्या फोनवरही गेली होती, हे ध्यानात आल्यावर मला फार अवघडल्यासारखे झाले.

याला दोष द्यायचा तर यंत्राच्या रचनेला द्यावा लागतो. हे कॅमेरे मुद्दाम रुंद कोनाचे असतात, कारण दाराला चिकटून उभा असलेला माणूसही डोक्यापासून पायापर्यंत दिसावा लागतो. घरापुढे अंगण आणि फाटक असेल तर तो कोन अंगणातच मावतो; शहापूर-वडगावसारख्या ठिकाणी, जिथे उंबरा थेट गल्लीत उतरतो, तिथे तो समोरच्याच्या घरात शिरतो. हालचाल टिपण्याची सोय तर आणखी त्रासदायक. गाय गेली, सायकल गेली, शाळेची पोरे गेली, की फोन वाजलाच. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री गल्लीतून लोकांची जी ये-जा चालते, तेव्हा या यंत्राचे काय होणार होते, याची कल्पनाच केलेली बरी.

‘माझे दार, माझा कॅमेरा’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. कायद्याकडे बोट दाखवले तर त्यांना काहीसा आधारही मिळतो, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कामासाठी केलेला वापर वगळलेला आहे. परंतु खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला, आणि तो ज्यांच्या याचिकेवर दिला ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयात डोअरबेल आणि घराभोवतीच्या कॅमेऱ्यांवरून शेजाऱ्यांचा असाच दावा चालला. त्यात कॅमेरे लावणाऱ्याच्या विरोधात निकाल गेला, आणि न्यायाधीशांनी चित्रापेक्षा दूरवरचे बोलणे टिपणारा आवाज अधिक गंभीर मानला. मला हे अगदी पटते. रस्त्यावर आपण दिसणारच, हे प्रत्येकाने धरलेले असते. कट्ट्यावर हळू आवाजात बोललेले कुणी साठवून ठेवील, हे कुणीच धरलेले नसते.

शिवाय साठवलेले जाते कुठे? अनेक कंपन्या चित्रफिती आपल्या सर्व्हरवर ठेवतात. रिंग या अमेरिकेतील नामवंत कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना आणि कंत्राटदारांना ग्राहकांची खासगी दृश्ये पाहू दिली, असा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२३ मध्ये ठेवला आणि ते प्रकरण ५८ लाख डॉलरवर मिटले. म्हणजे आक्कांचा देव्हारा फक्त मी आणि माझा मुलगाच पाहणार, याची हमी मी त्यांना कोणत्या तोंडाने देणार होते?

मग दिवाळीनंतरच्या एका रविवारी मुलाला बसवून घेऊन सगळे बदलले. पहिल्यांदा आवाजाचे ध्वनिमुद्रण बंद केले. घंटा दाबल्यावर बोलता येते, तेवढे पुरे आहे. घंटेखाली कोन देणारी पाचर घालून तिचे तोंड आमच्या पायऱ्यांकडे वळवले. ॲपमध्ये दोन वेगळ्या सोयी असतात आणि लोक त्यात हमखास गफलत करतात. एकीत फोन कोणत्या भागातील हालचालीवर वाजावा हे ठरते, पण चित्र पूर्वीसारखेच सगळे टिपले जाते. दुसरीत चित्रातला नेमलेला भाग काळा होतो आणि तो साठवलाच जात नाही. आक्कांचा कट्टा या दुसऱ्या सोयीने झाकला. हालचालीवरचे चित्रण पूर्ण बंद करून फक्त घंटा दाबल्यावरच ते सुरू होईल असे ठेवले आणि चित्रफिती सर्व्हरऐवजी घरातल्या मेमरी कार्डावर वळवल्या. मुलाचे म्हणणे असे पडले की मग चोराचे चित्र कसे मिळणार? त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण रात्रंदिवस कट्ट्यावर बसणाऱ्या बायकांनी या गल्लीची जेवढी राखण केली आहे, तेवढी या घंटेच्याने होणार नाही, आणि त्या कॅमेऱ्याच्या धाकाने उठून आत गेल्या तर राखण करणार कोण?

घंटेचा बोलका गुण मात्र आवडला, तोही एका अडचणीसह. पुण्याहून सून कधीकधी घंटेला उत्तर देते. भाजीवाली “यार्री?” म्हणजे ‘कोण?’ असे विचारते, सुनेला कन्नड येत नाही, आणि दोघी एकमेकींना तेच तेच ऐकवत राहतात. शेवटी मला जिना उतरावाच लागतो.

हे सारे झाल्यावर फोन घेऊन मी आक्कांकडे गेले आणि त्यांच्या कट्ट्याच्या जागी आलेला काळा चौकोन दाखवला. त्यांनी चष्मा सरसावून तो बराच वेळ पाहिला. “हे आधी दाखवायचं न्हवं का, बाई,” एवढेच म्हणाल्या. दाराशेजारी ‘येथे कॅमेरा आहे’ अशी पाटी मराठीत आणि कन्नडमध्ये लावायची होती. आक्कांचे माहेर गोकाककडचे, त्यामुळे कन्नड ओळ त्यांनीच सांगितली, आणि मी कागदावर लिहिलेल्या पहिल्याच शब्दात चूकही काढली.