जावईबापू, एक शब्द सांगा

जळगाव जिल्ह्यात सासरवाडी असली की थंडीत भरीत पार्टीचं बोलावणं चुकत नाही. परवाच्या रविवारी यावलकडच्या एका मळ्यात मी सकाळपासून पोट रिकामं ठेवून गेलो आणि जवळजवळ तसाच परत आलो. भरीत भरपूर होतं. फक्त भरीत आणि मी यांच्यामध्ये नाना बसले होते.

नाना म्हणजे बायकोचे चुलते, बँकेतले निवृत्त कॅशिअर. निवृत्त झाल्यावर लोक भजनाला लागतात, नाना इंग्रजी शब्दांना लागले. त्यातही साधे शब्द त्यांना चालत नाहीत. ठरावीक अक्षरं असलेले, लांबलचक, कुणाच्या तोंडी नसलेले शब्द हवेत. ते अर्थासकट एका जुन्या डायरीत लाल शाईनं उतरवून ठेवलेले असतात, आणि ती डायरी लग्नामुंजीलाही सोबत असते.

पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली होती. ही वांगी म्हणजे आपली बाजारातली जांभळी नव्हेत. फिकट हिरवी, हातभर नसली तरी वीतभर नक्की, बिया नावालाच. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. चव त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. साल काढून गर लाकडी भांड्यात ठेचला जात होता, त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. शेजारी कळण्याच्या पुऱ्या. माझ्या हातात पत्रावळ. आणि नानांच्या हातात वाढायचा डाव.

"जावईबापू, एक शब्द सांगा. ए, ई, आय, ओ, यू. पाचही स्वर, याच क्रमानं, प्रत्येक एकदाच."

"नाना, जेवता जेवता बोलू ना."

"शब्द सांगा अन् जेवा. एम.ए. ना तुम्ही?"

एम.ए. मी मराठीत केलंय. हे नानांना पत्रिका जुळवायच्या आधीपासून माहीत आहे. तेव्हाही त्यांनी "अन् नोकरी कशात करतात?" एवढंच विचारलं होतं.

"फॅसिशियस!" नानांनीच निकाल लावला. "म्हणजे नको तिथे विनोद करणारा. तुमच्यासारखा." पंगत हसली. "दुसरा आर्सेनियस. म्हणजे सोमल, ते विष, असलेला." सोमल म्हटल्यावर माझ्या डोक्यात जे आलं ते सासुरवाडीच्या लोकांसमोर लिहिण्यासारखं नाही.

मग बुककीपर आला. ओ ओ, के के, ई ई, अशा तीन जोड्या लागोपाठ. "दाखवा असा दुसरा शब्द!" मी बुककीपिंग म्हणालो, तर ते "त्याच घरातलं" म्हणून बाद. उभी हयात बँकेनं कॅश मोजायला बसवलं, बुककीपर कधी केलं नाही, हे दुःख त्या तीन जोड्यांत असावं. पण त्याची भरपाई माझ्या पत्रावळीतून का?

एवढ्यात धूर आमच्याकडे वळला आणि मला ठसका लागला. नानांचा चेहरा उजळला. कुणी पाणी देण्याआधी डायरी उघडली गेली. "न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस! पंचेचाळीस अक्षरं. पहिला पी लिहायचा, म्हणायचा नाही." ज्वालामुखीची अतिबारीक धूळ फुप्फुसात जाऊन होणारा आजार. 1935 साली अमेरिकेतल्या कोडी घालणाऱ्यांच्या एका मंडळाच्या अध्यक्षांनी हा शब्द मुद्दाम लांब व्हावा म्हणूनच बनवला. डॉक्टरांचं सिलिकोसिस म्हणून भागतं. म्हणजे तिकडेही एक नाना होऊन गेले, आणि त्यांना लोकांनी अध्यक्ष केलं!

ठेचणारा म्हातारा शेवटी न राहवून म्हणाला, "नाना, त्यायले खाऊ द्या ना पयले." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ज्याला भूक कळते त्याच्याकडे आपल्यात कोण लक्ष देतं?

तेवढ्यात सहावीतला एक पोरगा पुरी चघळत पुढे आला. "नाना, मले येते एक. कॉलीफ्लॉवर!" मी बोटं मोजली. ए, यू, आय, ओ, ई. क्रम नाही, पण पाचही हजर! पोरानं थेट भाजीबाजारातून शब्द आणला होता. मी टाळी वाजवणार, तर नाना कडाडले, "मले काय, मले? शाळेत असंच बोलतो? फी कशाची भरतो आम्ही?" पोराचा चेहरा खर्रकन उतरला. पुरी तोंडातच राहिली.

इथे मात्र माझं हसू गेलं. मगाशी गरम वांग्याला हात लागला तेव्हा नाना काय ओरडले होते? "माय वं!" असं ओरडले होते. पोळल्यावर जी भाषा आठवते ती पोराच्या तोंडी आली की फी आठवते. पोरगं बरोबर होतं, आणि त्याला सगळ्यांदेखत गप्प बसवलं. मीही काही बोललो नाही. जावई माणसानं सासुरवाडीत बोलायचं नसतं, फक्त विचारल्यावर फॅसिशियस म्हणायचं असतं.

माझी पाळी येईपर्यंत भांडं खरवडून झालं होतं. दोन पुऱ्या आणि एक तळलेली मिरची पदरात पडली. तेव्हा नानांनी राखून ठेवलेला तिसरा शब्द काढला आणि पंगतीला ऐकू जाईल असा जाहीर केला, "आपले जावईबापू ॲब्स्टेमियस आहेत!" म्हणजे खाण्यापिण्यात हात राखून असणारे. पाचही स्वर, क्रमानं.

रात्री घरी फोडणीचा भात खाता खाता मी मोबाईलवर उलट्या क्रमाचा शब्द शोधून काढला. अनकॉम्प्लिमेंटरी. यू, ओ, आय, ई, ए. अर्थ, ज्यात कौतुक औषधालाही नाही असा. नानांना पाठवणार होतो, बायकोनं फोन काढून घेतला.

सकाळी सासूबाईंचा फोन. आवाज काळजीचा. जावयाला ॲब्स्टेमियस झालाय असं त्यांच्या कानावर गेलं होतं. जळगावला एक चांगले डॉक्टर आहेत म्हणाल्या, आणि तोवर वांगं बंद ठेवा.