प्रश्न विचारणारे आपल्यातलेच होते

गेल्या रविवारी उपासनेनंतर बायबलमधलं पहिलं पुस्तक, 'उत्पत्ती', अभ्यासायला बसलो होतो. अकरावीतल्या एका मुलीने विचारलं, "उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात झाडं आणि प्राणी आधी, माणूस शेवटी. दुसऱ्या अध्यायात माणूस आधी, मग झाडं, मग प्राणी. असं कसं?" तिला उत्तर मिळालं, "शंका काढू नकोस. लिहिलंय तसं मान. आपले पूर्वज तसंच वाचत आले." पोरगी मान खाली घालून बसली. मला अजून ते बोचतंय.

कारण ते खरं नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने हिच्यासारखाच प्रश्न केला होता. सूर्य, चंद्र, तारे चौथ्या दिवशी झाले, तर आधीच्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ कशी झाली? म्हणून इथे अक्षरांच्या पलीकडचा अर्थ शोधा, असं त्याचं म्हणणं. त्याच्यानंतरचा मोठा ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीनही सृष्टी घडवण्याचे ते सहा दिवस आपल्या चोवीस तासांचे मानत नव्हता. अक्षरार्थाशिवाय दुसरं काही चालणार नाही हा हट्ट बराच नवा. डार्विन आणि बायबलची इतिहासाच्या अंगाने चिकित्सा करणाऱ्या जर्मन अभ्यासकांशी झालेल्या भांडणात तो मुख्यतः अमेरिकेत, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घट्ट झाला. आपण त्यालाच परंपरा समजून बसलोय.

अक्षरांपलीकडचा अर्थ शोधायची ती जुनी पद्धत मला प्रिय आहे. वाटेत लुटल्या गेलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा, म्हणजे परक्या समाजातल्या माणसाचा, येशूने सांगितलेला दाखला आजी सांगायची तेव्हा जखमी माणूस म्हणजे आदाम, शोमरोनी म्हणजे प्रभू येशू आणि उतारशाळा म्हणजे मंडळी, म्हणजे चर्च. ही मांडणी ओरिजेन-ऑगस्टीनच्या काळापासूनची, हे मला फार उशिरा कळलं. तिने ती कुठे ऐकली असेल कोण जाणे.

पण त्या मुलीला उत्तर देतो तो आधुनिक अभ्यास. बहुतेक अभ्यासक म्हणतात, ही दोन कथनं वेगवेगळ्या काळांतली, वेगवेगळ्या हातांची. पहिलं याजकांच्या परंपरेतलं, यहुदी लोकांना बाबेलला कैद करून नेलं त्या बंदिवासाच्या सुमाराचं. मंदिर पडलंय, देश गेलाय, आणि भोवतीचे विजेते सूर्य-चंद्राला देव मानून पूजतात. अशा वेळी हा अध्याय त्या दोघांचं नावसुद्धा घेत नाही! एक मोठी ज्योती, एक लहान ज्योती, देवाने अंतराळात ठेवलेल्या. हे कळल्यावर तो अध्याय मला पहिल्यांदा हरलेल्या माणसांची साक्ष वाटला. माझा विश्वास यातून वाढलाच.

कॅथलिक चर्चने १९४३ साली पोप बारावे पायस यांच्या परिपत्रकातून अशा अभ्यासाला उघड प्रोत्साहन दिलं. आणि १९८०च्या दशकात दलित ख्रिस्ती धर्मविचार मांडणारे अरविंद निर्मल यांनी जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं 'माझा पूर्वज भटका अरामी होता' हे वचन दलित ख्रिस्ती माणसाच्या जागेवरून वाचलं. इस्राएल जसं आपलं हलाखीचं मूळ आठवून देवापुढे उभं राहतं, तसं आपणही आपल्या पूर्वजांचं दलितपण न लपवता उभं राहावं, हा त्यांचा आग्रह. किती मराठी मंडळ्यांत हे कधी व्यासपीठावरून बोललं गेलं?

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात शास्त्री प्रश्न घेऊन येतो, तेव्हा प्रभू त्याला गप्प बसवत नाही. उलट विचारतो, शास्त्रात काय लिहिलंय आणि तू ते कसं वाचतोस?

मी त्या मुलीच्या घरी जाऊन आलो. या रविवारी ती तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे आणि मी तिच्या शेजारी बसणार आहे.