‘बघू या’ एवढ्यावर ओपीडीतून उठू नका : कांदिवलीच्या काकांना उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया मिळाली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की, स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) असलेल्या माणसाच्या घरच्यांना ‘पुढे काय’ हे माहीत नसतानाही जगायला शिकावं लागतं. त्यावर काका लिहितात : “हे भरल्या पोटी दिलेले सल्ले आहेत. मुलगा सव्वीस वर्षांचा, नोकरी गेली, वन रूम किचनमध्ये आम्ही तिघं, बायकोला रात्रीची झोप नाही. डॉक्टरांना विचारलं की ‘बघू या’. आणि तुम्ही म्हणता, स्वीकारा. म्हणजे आशा सोडायची का?”

तुमचा राग मला कळतो. माझा धाकटा भाऊ या आजारासोबत जगतोय आणि आमचं घर भांडुपच्या चाळीतलं. दार लावून रडायला दुसरी खोली नसते, हे मी जाणते. तरीही माझं म्हणणं मी सोडत नाही.

आधी ‘बघू या’बद्दल. हा आजार पुढे कसा वळेल हे सांगणारी रक्ताची तपासणी नाही, स्कॅनही नाही. कुणाचा आजार एकदाच उफाळतो, कुणाचा अधूनमधून, कुणाची काही लक्षणं कायम राहतात. डॉक्टर तारीख लपवत नाहीत, त्यांच्याकडे ती नसते. पण म्हणून तेवढ्यावर उठून यायचं नाही. ‘कधी बरा होईल’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि विचारा : हे औषध, हा डोस किती आठवडे द्यायचा? फरक पडतोय हे घरी आम्हाला कशावरून कळेल? नाही पडला तर पुढे काय करणार? या तिन्हींना उत्तरं असतात. औषधाचा नीट अंदाज यायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे दिवस देऊनही उपयोग झाला नाही, तर क्लोझापिन नावाच्या औषधाचा विचार होतो. त्यात पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असतो, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासतात. गोळ्या चुकत असतील तर पंधरवड्याने किंवा महिन्याने घ्यायची इंजेक्शनं आहेत. एवढं कळलं की निदान पुढचा दीड महिना डोळ्यांसमोर येतो.

आता आशा. ती सोडा असं मी म्हणत नाही, ती तारखेला बांधू नका म्हणते. आमची आई म्हणायची, “गणपतीपर्यंत ठीक होईल.” मग दिवाळीपर्यंत. सण यायचे, जायचे, आई खचायची, आणि भावाला वाटायचं आपणच नापास झालो. आज तो सकाळी दूध आणतो, दुपारी ओळखीच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. त्या तारखांच्या हिशोबात ही सुधारणा आमच्या नजरेलाही पडली नसती.

आणि हे मनाच्या समाधानापुरतं नाही, काका. ब्रिटनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून रुग्णालयातून घरी परतलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला. ज्या घरांत सतत टीका, चीड किंवा टोकाची काळजी होती, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त आढळलं. पुढे इतर देशांतल्या अभ्यासांतही तेच दिसलं. आईवडिलांमुळे आजार होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. तसं कुणी तुम्हाला म्हणालं तर ऐकून घेऊ नका. पण पुढचं काही माहीत नसलं की आपण काय करतो, ते आठवून पाहा. गोळी घेतलीस का? तोंड उघड. का हसलास? कुणाशी बोलतोयस? सगळे मायेचेच प्रश्न, पण एका खोलीत दिवसभर ऐकणाऱ्याला ते चौकीतल्या जबाबासारखे वाटतात.

आम्ही ठरवलं, गोळीबद्दल विचारणारी एकटी मी, तेही रात्रीच्या जेवणानंतर एकदाच. बाकी कुणी विषय काढायचा नाही. मग भाऊ बरा असताना त्याच्याशेजारी बसून, तब्येत बिघडायला लागते तेव्हा आधी काय होतं, ते त्याच्याच तोंडून लिहून घेतलं. मला वाटलं होतं तो ‘आवाज येतात’ म्हणेल. तो म्हणाला, “मी पंखा बंद करतो.” खरंच होतं ते, भर मे महिन्यात तो बटण बंद करून घामाघूम बसायचा आणि मग रात्री झोपायचा नाही. आता कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय. पंखा बंद आणि एक रात्र जागरण : वाद घालायचा नाही, संध्याकाळनंतर चहा नाही. दुसरीही रात्र जागरण : सकाळीच डॉक्टरांना फोन. मारहाण किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा : सरळ हॉस्पिटल, शेजारचे दादा रिक्षा आणतील. हा कागद तयार झाल्यापासून आईने रोज सकाळी त्याचा चेहरा न्याहाळणं सोडलं. पंखा फिरतोय ना, मग ती भाजी निवडायला बसते.

तुमच्या मुलाचा ‘पंखा’ कोणता, हे तोच सांगू शकेल. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ वर टेलि-मानसला फोन करा. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे मुलगा बरा असताना आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याच्या बाजूने उभा राहणारा माणूस, ठरवू शकतो, आजार बळावला तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हेही आधी लिहून ठेवू शकतो. केईएम, नायर, सायन, कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. तिथे समाजसेवकांकडे याची चौकशी करा. खर्चाचं ओझंही कमी होईल.

काकूंबद्दल मात्र थांबू नका. एक रात्र त्या जाग्या, एक रात्र तुम्ही, असं वाटून घ्या. तुमच्या पाळीच्या रात्री त्यांना बहिणीकडे नाहीतर शेजारी झोपायला पाठवा, कारण त्याच खोलीत त्यांचा डोळा लागणार नाही. आणि त्यांच्या झोपेचं डॉक्टरांना वेगळं सांगा.

पुढच्या तारखेला जाताना ते तीन प्रश्न कागदावर लिहून न्या, ओपीडीच्या गर्दीत ऐनवेळी आठवत नाहीत. मुलाच्या पाठीमागे नको, त्याला शेजारी बसवूनच विचारा. काय उत्तर मिळालं ते इथे जरूर कळवा.