जुन्या जीपला डिझेल इंजिन : 'फक्त माउंट बदला' हे खरं नाही

'पेट्रोल इंजिन काढा, डिझेल ठेवा, माउंट (इंजिन चॅसीला धरून ठेवणारे आधार) वेल्ड करा, दोन दिवसांत गाडी तयार' असा मेसेज सध्या फिरतोय. तो अर्धवट आहे, आणि उरलेला अर्धा जिवावर बेतू शकतो.

सगळ्यात मोठी चूक ब्रेकची. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे (हवा अडवणाऱ्या झडपेमुळे) इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम तयार होतो आणि ब्रेक बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) त्यावरच चालतो. डिझेलला सहसा तसा थ्रॉटल नसतो, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बऱ्याच इंजिनांत तो अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) मागेच असतो. जुनं इंजिन घेताना अल्टरनेटर बदललेला असेल तर पंप गेलेला असू शकतो, हे नीट बघा. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पेडल कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवून स्टार्ट करा. पेडल थोडं खाली गेलं नाही, तर ती गाडी उतारावर नेऊ नका, कृपा करून.

दुसरं, गिअरिंग. डिझेल कमी आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्यांवर) ताकद देतं, त्यामुळे जुना ॲक्सल रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे किती फेरे) ठेवला तर हायवेवर इंजिन ओरडत राहतं. ४.८८ ऐवजी ४.१० बसवला, तर ३००० आरपीएमच्या जागी त्याच वेगाला साधारण २५२० पुरतात.

रिटर्न लाइन (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी नळी), वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा), पुढच्या जड वजनाला साजेशा स्प्रिंगा हेही आलंच. आणि आरसी बुकात इंधनाची नोंद बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.