साधी लाट, साधी वाईन

पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपार कलली की नोर्ताडा सुटतो. उत्तरेकडून येणारा हा वारा लाटेचा आकारच मोडून टाकतो. वारा जमिनीकडून असला तर लाट ताठ उभी राहते आणि नीट फुटते. नोर्ताडात मात्र पाणी नुसतं खळबळतं, कुठली लाट कुठे फुटेल याचा नेम नाही. तरीही लिस्बनजवळच्या कॉश्टा दा कापारिकाला संध्याकाळी ऑफिस सुटलेली माणसं सर्फिंगचा बोर्ड काखेत मारून येतातच. समुद्रात शिरलेल्या दगडी बांधांच्या दक्षिणेला वारा जरा कमी लागतो, तिथे सगळे जमतात. लाट कंबरेएवढी, त्यातही निम्मा फेस. पाणी ऑगस्टमध्येही गारच, वेटसूटशिवाय फार वेळ टिकवत नाही. तासाभरात दोन-तीन धड लाटा मिळाल्या तरी मी खूश होऊन बाहेर येते.

जगाला इथली लाट म्हटली की नाझारे आठवतं. तिथे समुद्रतळाशी खोल दरी आहे, तिच्यामुळे लाटा अवाढव्य होतात. 2020 मध्ये जर्मन सर्फर सेबास्टियन श्टॉइटनरने तिथेच 86 फुटी लाट सर केली. पण हा खेळ जिवंत ठेवलाय तो कापारिकासारख्या ठिकाणच्या हौशी लोकांनी.

वाईनचंही तसंच. नाव पोर्ट या गोड, कडक वाईनचं मोठं, पण रोज रात्री जेवताना उघडली जाते ती सेतूबालकडची, काश्तेलाँव द्राक्षाची तीन-चार युरोंची बाटली. उन्हाळ्यात अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली की तिची फळांची चव छान ताजी लागते. ग्लास कसा धरायचा, वास कसा घ्यायचा, याचं दडपण कोणावर नसतं.

महाराष्ट्रातला वाईनचा वाद मी इथूनच वाचला. जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटांत वाईन विकायला परवानगी दिली. एका बाजूने 'वाईन म्हणजे दारू नाही' असं ठासून सांगितलं, दुसरीने 'महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र' केल्याचा आरोप केला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय अडकला. मला दोन्ही बाजू पटल्या नाहीत. वाईन ही दारूच आहे. नवऱ्याच्या दारूपायी ज्या बाईने मार खाल्लाय, तिने विरोध केला तर तिला मागासलेली म्हणायचा हक्क कोणालाही नाही. पोर्तुगालचा दाखलाही जपून द्यावा. दरडोई वाईन पिण्यात हा देश जगात अगदी वरच्या स्थानी आहे, आणि 2015 पर्यंत इथे सोळाव्या वर्षी वाईन विकत मिळायची. मग कायदा बदलून सगळ्याच दारूसाठी 18 वर्षांची अट आली.

म्हणजे विक्री चालू ठेवून नियम कडक करता येतो. आपल्याकडे ही मधली वाटच कोणी चर्चेला घेत नाही. समुद्राच्या बाबतीतही नाही. कोकणात कोणी बुडालं की पाण्यात उतरायला बंदी, बातमी जुनी झाली की पुन्हा सगळं रामभरोसे. इथे बुडणाऱ्यांना वाचवणारी संस्था 1892 पासून आहे. हंगामात किनाऱ्यावर जीवरक्षक असतो आणि झेंडा असतो. हिरवा असेल तर पोहा, लाल असेल तर पाण्यात पाऊल टाकू नका, आणि पिवळा असेल तर उथळ पाण्यात जा, पण पोहू नका. समुद्र फार चांगला नाही आणि फार वाईटही नाही, अशा दिवसांसाठी तो पिवळा झेंडा आहे, आणि वर्षात असे दिवस भरपूर असतात.

तारकर्लीला, गणपतीपुळ्याला असे झेंडे आणि बारमाही पगारी जीवरक्षक हवेत. नाशिकची द्राक्षं आहेतच. त्यांची रोजच्या जेवणातली स्वस्त, प्रामाणिक वाईन का नसावी? वय तपासून विका, आणि त्या करातला ठरलेला वाटा तालुक्याच्या व्यसनमुक्ती केंद्राला द्या. शिवाय क्रम पक्का: आधी बोर्ड, मग ग्लास. समुद्रात उतरण्यापूर्वी घोटभरही नाही, आणि ज्याला गाडी चालवायची आहे त्याला नंतरही नाही. कापारिकातल्या माझ्या ओळखीच्यांत यावर कोणी वाद घालत नाही.