‘पहिली-दुसरीला शिकवायचं त्यात काय एवढं?’ – त्या फॉरवर्डला उत्तर

नाशिकच्या सोसायट्यांच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मथितार्थ असा: प्राथमिक शिक्षकासारखी आरामाची नोकरी नाही. पाच तास काम, बाराखडी नि पाढे शिकवायचे, सुट्ट्याच सुट्ट्या, पगार लाखाच्या घरात, तरी रडगाणं चालूच. मी शहरात राहते आणि जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. तेव्हा एकेक मुद्दा घेते.

‘पाच तास काम.’ शिक्षण हक्क कायद्यात तयारीसह आठवड्याला ४५ तास लिहिलेत. पण तासांवरून भांडण्यात मला रस नाही. बँकेतला माणूस जेवायला उठला की काउंटर बंद होतो. मला बाथरूमला जायचं तरी शेजारच्या वर्गातल्या सरांना ‘जरा बघता का’ म्हणावं लागतं. सर प्रशिक्षणाला गेले असतील तर चारही वर्ग माझ्याकडे. मग संध्याकाळपर्यंत जायचंच नाही.

‘बाराखडी नि पाढे, त्यात काय?’ हा मुद्दा मात्र मनाला लागला. तिसरीतला एक मुलगा ४२ वजा १७ बरोबर ३५ लिहितो. फुली मारून मोकळं होता येतं. पण ३५ आले कुठून? सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. म्हणजे वजाबाकी येते. फक्त ‘मोठ्यातून लहान काढायचा’ हे त्यानं पक्कं धरलंय. मग काड्या काढायच्या: दहा-दहाचे चार गठ्ठे, दोन सुट्या. एका गठ्ठ्याचं रबर त्यालाच सोडायला लावायचं, म्हणजे सुट्या बारा होतात हे त्याच्या हाताला कळतं. रबर सुटतं, काड्या फरशीभर होतात, त्या गोळा करायला दुसरीतली पोरं धावतात, चौथीतून ‘बाई, माझं झालं, पुढं काय?’ येतं. तेवढ्यात दारात स्वयंपाकी ताई: खिचडी चाखून चव नोंदवहीत लिहा, त्याशिवाय वाढता येत नाही. मी परत येईतो त्यानं शेजारणीचं २५ उतरवून घेतलेलं असतं. समजलं की नुसतं उतरवलं, हे बघायला दुसऱ्या दिवशी पुन्हा काड्या. आणि द्राक्षांचा हंगाम लागला की आई-बापाबरोबर तो दिंडोरी-निफाडकडं जाणार. परत येईल तेव्हा हातचा विसरलेला असेल. दमवतं ते हे, सतत तुटणारं लक्ष. पाढे नाहीत.

सुट्ट्या इतरांपेक्षा जास्त आहेत, मान्य. मात्र निवडणूक, जनगणना नि आपत्तीची कामं शिक्षकांना लावायची मुभा कायद्यातच आहे. २०२४ च्या लोकसभेला नाशिक आणि दिंडोरीत मतदान झालं २० मे रोजी, भर उन्हाळी सुट्टीत. मतदान केंद्रावर आम्हीच होतो.

पगार? जुन्या शिक्षकांचा चांगलाच आहे, उगाच गरिबी कशाला सांगू. पण नवीन माणूस आधी तीन वर्षं शिक्षणसेवक असतो, मानधन महिना १६ हजार. २०२३ च्या वाढीआधी ते ६ हजार होतं.

‘आमच्या वेळी एका वर्गात साठ पोरं असायची, गुरुजी कुरकुरत नव्हते.’ नसतील. छडी होती, आणि ज्याला येईना तो चौथीत नापास होऊन गुरांमागं जायचा. त्याचा हिशेब कुणी मागत नव्हतं. आता मारणं आणि मानसिक छळ दोन्ही कायद्यानं बंद आहे, ते योग्यच आहे. पण मग चाळीस मिनिटं वर्ग धरून ठेवायचा तो आवाजाच्या चढउतारावर. डिसेंबरपर्यंत घसा बसतो.

शेवटचा टोमणा, ‘वर्गात मोबाइल बघत बसतात’. रील बघणारे आहेत, त्यांची बाजू मी घेणार नाही. बाकीच्यांच्या हातात तो असतो कारण जेवलेल्या मुलांची संख्या रोज अ‍ॅपवर भरायची असते, आणि वरून ‘अतितातडीचे, आज बारापर्यंत लिंक भरावी’ असं साडेअकराला येतं. आमच्याकडं रेंज फक्त शाळेमागच्या चढावर मिळते. तेवढा वेळ वर्ग चौथीतली मॉनिटर सांभाळते, वय वर्षं नऊ.